वरवंट्याखालचा टोफू

वाढदिवसाला गेलात की तुमची नजर आधी कुठे जाते? केकवर ना? माझी भाची मात्र आधी कुणातरी मोठ्या माणसाला गाठून विचारते, "यात दूध आहे का?" तिला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. केक नाही, पेढा नाही, पनीर तर नाहीच नाही.

एकदा आमच्या घरी सगळी भावंडं जमली होती. मी हौसेनं पनीर चिली केलं. मुलं नुसती तुटून पडली. ही मात्र वेफर्सची वाटी घेऊन गॅलरीत जाऊन बसली. "मला भूकच नाहीये गं मावशी," म्हणाली. नऊ वर्षांची मुलगी, संध्याकाळची वेळ, आणि भूक नाही? मला काय ते कळलं. फार ओशाळल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मी टोफू घेऊन आले. टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीरच म्हणा ना! सोयाबीन भिजवून, वाटून, उकळून त्याचं दूध काढतात आणि त्यात क्षार घालून ते साकळवतात. पदार्थ मूळचा चीनचा, नाव मात्र आपण जपानी उचललं. आणि गंमत बघा, आमच्या लातूरकडे रानंच्या रानं सोयाबीनची, पण आमच्या घरात टोफू पहिल्यांदा आला तो पुण्याच्या दुकानातून! (दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या काही मुलांना सोयाबीनही चालत नाही. हिला चालतं, हे डॉक्टरांना विचारून घेतलं होतं, बरं का!)

पाकीट फोडलं, तुकडे केले, कॉर्नफ्लॉवर लावलं आणि सोडले तेलात. अगं बाई! तेल असं काही तडतडलं की मी दोन पावलं मागे. तुकडे कढईला चिकटले, फुटले. सॉसमध्ये घातल्यावर तर त्याचं पिठलंच झालं. भाचीनं मुकाट्यानं दोन घास खाल्ले नि म्हणाली, "छान आहे." तिचं ते "छान आहे" मला फारच लागलं.

आजी लांबून बघत होती. तिनं उरलेला टोफू हातात घेऊन हलकेच दाबला. पाणी ठिबकलं. "अगं, चक्का न टांगता श्रीखंड करतेस होय?"

खरंच की! १०० ग्रॅम टोफूत साधारण ७० ते ८५ ग्रॅम पाणीच असतं. तळणीचं तेल १७०-१८० अंशांपर्यंत तापतं, पण पाण्याची वाफ होते १०० अंशांना. तुकड्यातून पाणी झिरपत राहिलं, की वरचा थर तेवढ्यावरच अडतो. मग तो कुरकुरीत व्हायचा कसा?

आजीनं टोफू जुन्या पंचात गुंडाळला, वर ताट ठेवलं आणि ताटावर वरवंटा! अर्ध्या तासात पंचा ओलाचिंब. मग तुकडे करून, मीठ लावून, कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवले. हे पीठ उरलासुरला ओलावा टिपतं आणि तळल्यावर त्याचंच कवच होतं. एका वेळी सात-आठच तुकडे सोडायचे, नाहीतर तेल थंड पडतं. तळणाचं काम तेवढं घरातल्या मोठ्यांना करू द्या हं.

सॉस सोपा आहे. २०० ग्रॅम टोफूला सहा-सात लसणाच्या पाकळ्या आणि थोडं आलं बारीक चिरून परतायचं. त्यात चमचाभर ब्याडगी मिरचीचं तिखट, दोन चमचे सोया सॉस, दोन चमचे टोमॅटो सॉस, दोन चमचे गूळ, चमचाभर व्हिनेगर आणि थोडं पाणी. मीठ घालायची घाई नको, सोया सॉस मुळात खारट असतो. आणि हा सोया सॉस कशाचा? सोयाबीनचाच! आमचं तळणीचं तेलही सोयाबीनचंच होतं. एक बी, आणि कढईत तीन रूपं!

रस चकचकीत, दाटसर झाला की गॅस बंद. तुकडे घालायचे ते अगदी पानं घेताना. आधी घातलेत, तर कवच पुन्हा भिजलंच म्हणून समजा.

पुढच्या वेळी भावंडं जमली, तेव्हा मी बशी आधी भाचीसमोर ठेवली. तिनं एक तुकडा तोंडात टाकला. कुर्रऽऽ! आवाज मला ओट्यापाशी ऐकू आला. लगेच तिच्या दादानं हात पुढे केला. तशी तिनं बशी चटकन जवळ ओढली.

"थांब रे! यात दूध नाहीये. हे आधी माझं!"