मिठाच्या ओढीने

मागच्या मे महिन्यात लेकीकडे टोरोंटोला गेले होते. एका शनिवारी पहाटेच आम्ही अल्गॉन्क्विनच्या जंगलाकडे निघालो. तीन तासांचा रस्ता. 1893 पासून राखलेलं हे अरण्य.

"आज्जी, आज तुला मूस दाखवते," नात म्हणाली.

मला मूस माहीत ती सोनाराची, सोनं वितळवायची! नातवंडं हसत सुटली. हा मूस म्हणजे हरणांच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी, आणि त्याचं नाव तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं.

60 नंबरच्या हमरस्त्याकडेला, चरात, एक मादी दिसली. दांडेलीत मी सांबर पाहिलंय. ही त्याहून कितीतरी उंच. ती चरातलं गढूळ पाणी पीत होती.

"एवढी तळी असताना हे घाण पाणी का?" नातवाने विचारलं.

जावयांनी सांगितलं, "हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. ते वाहून चरात येतं. मूस सगळा हिवाळा काटक्यांवर काढतो, त्यांत मीठ फारसं नसतं. उन्हाळ्यात तो तळ्यात डोकं बुडवून, नाकपुड्या मिटून पाणवनस्पती खातो, त्यातून मीठ मिळतं. पण त्या अजून उगवायच्यात."

लांब पाय खोल बर्फातून चालण्यासाठी, पोकळ केस ऊब धरण्यासाठी. थंडीची सगळी सोय आहे. मिठाची तेवढी नाही.

इतक्यात झुडपातून तांबूस पिल्लू बाहेर आलं. नातवाने फोटोसाठी गाडीचं दार उघडलं. मादीने मान वर केली, कान मागे पाडले, मानेवरचे केस ताठ झाले. मी त्याचा सदरा धरून आत ओढलं. लांडगा, अस्वल आलं तरी ती पुढच्या पायांनी लाथा घालून पिल्लाला राखते. आमची काय कथा!

पिल्लू लडखडत रस्त्यावर आलं. समोरून ट्रक येत होता. जावयांनी गाडीचे दिवे उघडझाप केले. ट्रक थांबला. मायलेकरं सावकाश पलीकडे गेली. बराच वेळ कुणी बोललं नाही.

परतताना अंधार पडला. मुसाचं अंग काळपट, आणि डोळे इतके उंच की गाडीच्या उजेडात चमकतही नाहीत. ऐकून नातू मागच्या सीटवरून काचेकडे वाकून बसला. दर थोड्या वेळाने म्हणत होता, "बाबा, हळू."