त्रेचाळिसास आठ

वकिली करणाऱ्या माणसास एक खोड जडते. कोणतीही गोष्ट समोर आली की तिचे दोन पक्ष पाडल्यावाचून त्याला चैन पडत नाही. आमच्या घरच्या जुन्या पिकअप गाडीच्या मागच्या ॲक्सलमधील दंतचक्रे बदलावी की न बदलावी, असा एक दावा माझ्या मनात कित्येक महिने चालला होता. त्या दाव्यात वादी मीच होतो, वकील मीच होतो आणि न्यायासनावरही मीच बसलो होतो. अशा दाव्याचा निकाल कोणत्या बाजूने लागतो, हे वाचकांस सांगावयास नको.

गाडी जीपच्याच कुळातली. परंतु तिला जीपसारखे पुढे आलेले नाक नाही. इंजिन दोन आसनांच्या मधोमध झाकणाखाली असते आणि चालक जवळजवळ पुढच्या चाकांवरच बसतो. अमेरिकेत विलीज कंपनीने १९५६ च्या अखेरीस ही ‘एफसी-१५०’ जातीची गाडी काढली. १९६० च्या दशकाच्या मध्यास तेथे तिचे उत्पादन थांबले. पण आपल्याकडे महिंद्रांनी ती पुढे बनविली. आमची गाडी त्यांपैकीच. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती तरुणपणी घेतली आणि वयाची पंचाहत्तरी उलटेपर्यंत स्वतः हाकली. आम्ही राहतो बेळगावात. कुलदेवतेचे देऊळ आणि वाट्यास आलेले लहानसे कुळागर फोंडा महालात. दरवर्षी जत्रेपूर्वी तांदूळ, गूळ, तूप असे सामान भरून अण्णा खानापूर, लोंढा, रामनगर करीत अनमोडचा घाट उतरत आणि परत येताना नारळ-सुपारी घेऊन तोच घाट चढत. जावयास एक दिवस, यावयास एक दिवस आणि मध्ये देवळात एक मुक्काम, हा त्यांचा नेम होता.

अण्णांची दृष्टी मंदावली तेव्हा गाडीचे चाक माझ्या हाती आले आणि दोनच फेऱ्यांत मी तिला कंटाळलो. ताशी ६० किलोमीटरच्या पुढे ती जाऊ पाहील तर इंजिनाचा असा आक्रोश होई की शेजारच्या माणसाशी बोलणे अशक्य. मागून येणारा प्रत्येक मालमोटारवाला भोंगा वाजवून मला रस्त्याच्या कडेस घाली.

ह्या आक्रोशाचे कारण शोधताना मला प्रथमच कळले की मागच्या ॲक्सलच्या पोटात, इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याच्या टोकाशी, आठ दात्यांचे एक लहान चक्र असते, त्याला पिनियन म्हणतात. आणि ते ज्या मोठ्या चक्राला फिरविते त्या क्राऊनला त्रेचाळीस दाते असतात. त्रेचाळिसास आठांनी भागले की ५.३८ येतात. म्हणजे चाकाचा एक फेरा व्हावयास दांड्याला पाचांहून अधिक फेरे घ्यावे लागतात. मी खडूने टायरावर खूण केली, गाडी ढकलविली आणि जमिनीवरचे अंतर मोजले; एका फेऱ्यात सव्वादोन मीटर भरले. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटास बरोबर एक हजार मीटर. त्यासाठी चाकाला सुमारे ४४४ फेरे, आणि इंजिनाला तिसऱ्या गियरमध्ये सुमारे २,३९०. ताशी ८० ला हाच आकडा ३,१८५ वर जातो. ह्या इंजिनाचे सिलिंडर ७९ मिलिमीटर रुंद आणि पिस्टनाची धाव १११ मिलिमीटर. एवढी लांब धाव घेणाऱ्या पिस्टनाला मिनिटास तीन हजारांवर फेरे करावयास लावणे म्हणजे भारवाहू बैलास शर्यतीत जुंपणे होय. त्याचा खरा जोर सुमारे २,००० फेऱ्यांवर असतो.

उपाय उघड होता. बाजारात ह्याच ॲक्सलला बसणाऱ्या दुसऱ्या जोड्या मिळत होत्या: एकोणचाळिसास आठ, म्हणजे ४.८८, आणि सत्तेचाळिसास अकरा, म्हणजे ४.२७. शेवटची जोडी घातली तर ताशी ८० ला इंजिनाचे फेरे २,५३० वर येत. सकाळी निघावे, दुपारी देवदर्शन आटोपावे, रात्री परत यावे आणि दुसऱ्या दिवशी कोर्टात उभे राहावे! माझा पक्ष सिद्ध झाला.

विरुद्ध पक्षातर्फे एकच साक्षीदार आला. अण्णांची गाडी वर्षानुवर्षे सांभाळणारे एक वृद्ध मिस्त्री होते. त्यांच्यापुढे मी माझे आकडे मांडले. ते म्हणाले, “वकीलसाहेब, हिशोब बरोबर हाय की. पण ओझं नेणार का नाही नेणार, ते सांगा आधी. मागं वेग वाढला की पुढं जोर कमी होतोय. आणि बदलायचं तर पुढचं-मागचं दोन्ही बदला.” वेग आणि ओढ ही एकाच थैलीतील नाणी आहेत, ५.३८ वरून ४.२७ वर आलो की चाकापाशी पोचणारी ओढ पाचव्या हिश्श्याने घटते. हे सर्व मी ऐकले आणि वृद्ध साक्षीदाराचे म्हणणे जसे आपण आदराने बाजूस ठेवतो तसे बाजूस ठेवले.

कायद्याचे पुस्तक मात्र मी आवर्जून उघडले. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते की नोंदणीपत्रातील तपशील मूळ निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करू नये. नोंदणीपत्रात इंजिनाचा क्रमांक आहे, रंग आहे, वजन आहे. पण ॲक्सलच्या दात्यांची गणती नाही. कायद्याने वाट मोकळी केली, आणि वकिलाला तेवढे पुरते.

मी गाडी दुसऱ्या एका कारखान्यात नेली. तेथील तरुण कारागीर म्हणाला, “साहेब, चारी चाकं तुम्ही वापरता कुठं? मागचाच बदलू. निम्मा खर्च वाचेल.” चारी चाकांना जोर देणारी दांडी मी खरोखरच कधी ओढली नव्हती. मागे ४.२७ बसले, पुढे ५.३८ राहिले. अण्णांना मी एवढेच सांगितले की गाडीची थोडी दुरुस्ती केली आहे.

त्या वर्षी पावसाळा लांबला होता. कुळागराकडे जाण्यास वाट कशी आहे ते पाहावे आणि देवळात सामानही पोचवावे म्हणून मी निघालो. अण्णा हट्टाने शेजारी बसले. लोंढ्यापर्यंतचा प्रवास माझ्या विजयाचा होता. इंजिन शांत होते. अण्णांनी दोनदा वेगाच्या तबकडीकडे पाहिले. तिच्यावर ४८ दिसत होते. प्रत्यक्षात आम्ही ६० ने जात होतो. ती तबकडी फेरे मोजते ॲक्सलच्या अलीकडे. पलीकडची चक्रे बदलल्याचे तिला कोण सांगणार? इतकी वर्षे खरे बोललेला साक्षीदार मी एका दिवसात फितूर करून ठेवला होता. अण्णा बाहेरच्या झाडांकडे पाहत म्हणाले, “तबकडी बिघडली वाटतं.” मी काही बोललो नाही.

घाट लागला आणि माझ्या हिशोबातील विसरलेली रक्कम पुढे आली. ओढ म्हणजे केवळ चढाची शक्ती नव्हे. उतारावर गाडीस मागे खेचून धरणारे बळही तेच. पूर्वी अण्णा दुसऱ्या गियरमध्ये गाडी घालीत आणि ती हत्तीसारखी पाऊल मोजीत उतरे; ब्रेकवर पाय क्वचितच जाई. आता त्याच गियरमध्ये ती पुढे पुढे धावू लागली. मी ब्रेक दाबीत राहिलो. मागे दहा पोती तांदूळ होते. चौथ्या-पाचव्या वळणावर जळका वास आला आणि पायाखालचा ब्रेक मऊ लागू लागला. “थांबव,” अण्णा म्हणाले. एका कडेला अर्धा तास आम्ही चाके निवू दिली. खाली दरीत धुके होते. त्या अर्ध्या तासात त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही. आणि उलटतपासणीत मुरलेल्या मला त्या मौनाचे फार भय वाटले.

खरा निवाडा झाला तो कुळागराच्या वाटेवर. एक व्हाळ ओलांडावा लागतो. त्यात चिखल साचला होता. अण्णा सवयीने म्हणाले, “पुढची चाकं लाव.” त्या क्षणी सत्य सांगावयास हवे होते. मी सांगितले नाही, दांडी ओढली. चिखलात गाडी कशीबशी धडपडत पुढे गेली, कारण तेथे चाकांना घसरावयास जागा होती. पण पलीकडे जांभ्या दगडाचा कठीण चढ लागताच ती थरथरली, कण्हली आणि जागच्या जागी खिळून राहिली. दांडी मागे घेऊ गेलो तर ती हलेना. पुढची चाके एक फेरा घेऊ पाहत होती तेवढ्यात मागची सव्वा फेरा मागत होती. मागची पुढच्यांस ढकलीत होती आणि पुढची मागच्यांस रोखीत होती. इंजिनाची सारी शक्ती ह्या घरच्या भांडणात दांड्यांना पीळ घालण्यात खर्च होत होती.

मी दोन्ही हातांनी दांडीला झटके देऊ लागलो. अण्णांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. घरात आम्ही मराठी बोलतो; पण मनाच्या तळातून काही यावयाचे असले की त्यांच्या तोंडी कोंकणी येते. “राव,” ते म्हणाले, “बळ करूं नाका.” मग ते काठी टेकीत उतरले, मागच्या चाकांना दगड लावविले, पुढच्या एका चाकाखाली जॅक लावावयास सांगितला. चाक जमिनीपासून सुटले मात्र, ते आपोआप झटकन गरकन फिरले. साठलेला पीळ सुटला. दांडी एका बोटाने मोकळी झाली.

हात पुसत त्यांनी विचारले, “मागचे दाते किती?”

“सत्तेचाळिसास अकरा.”

“आणि पुढचे?”

“पूर्वीचेच.”

ते बराच वेळ गाडीकडे पाहत राहिले. “तुला लवकर परतायचं होतं,” एवढेच ते म्हणाले. त्या वाक्यात रोष नव्हता. आणि म्हणूनच त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मला वेगवान गाडी हवी होती, हे माझे कथन अपुरे होते. मला तो मुक्काम टाळावयाचा होता. देवळाच्या अग्रशाळेतील ती एक रात्र, वडिलांच्या शेजारी चटईवर पडून त्यांच्या तोंडून पूर्वीच्या जत्रांच्या त्याच त्या कथा ऐकणे, हे मी चार दात्यांच्या फरकाने वाचवू पाहत होतो.

बेळगावास परतल्यावर मी वृद्ध मिस्त्रींकडे गेलो आणि कबुलीजबाब दिला. त्यांनी मला टोचून बोलण्याची संधी घेतली नाही. अण्णांनाही बोलावून घेतले आणि तिघांत खल झाला. जुने ५.३८ परत घालावे तर आजच्या रस्त्यावर गाडी खरोखरच अडचणीची होते, ४.२७ ओझ्याला पेलत नाही. तडजोड झाली ती ४.८८ वर, आणि ती दोन्ही ॲक्सलांत. ओढ सुमारे अकराव्या हिश्श्याने कमी होईल. ताशी ६० ला इंजिनाचे फेरे २,१७० च्या आसपास राहतील. कोर्टाच्या भाषेत, उभयपक्षी मान्य हुकूमनामा.

काम तीन दिवस चालले. अण्णा स्टुलावर बसून होते, मी उभा होतो. क्राऊन आणि पिनियन ही जोडीनेच घ्यावी लागतात, कारण कारखान्यात ती एकमेकांवर घासून जुळविलेली असतात; एकाचा जोडीदार दुसऱ्यास चालत नाही. मिस्त्रींनी शेंदूर तेलात कालविला आणि क्राऊनच्या दात्यांवर बोटाने लावला, हुबेहूब मारुतीला लावावा तसा. चक्र फिरविले की दाता दात्याला कोठे भिडतो त्याचा ठसा शेंदरात उमटतो. ठसा कडेला गेला तर पिनियनमागची पातळ चकती काढावयाची, दुसरी घालावयाची, पुन्हा शेंदूर, पुन्हा ठसा. दोन दात्यांमधील मोकळीक इंचाच्या हजारांश भागांत मोजली जाते. पाच ते नऊ हजारांश ठीक. मोकळीक अजिबात नसेल तर दाते तापून जळतात, फार झाली तर आपटून तुटतात. सहाव्या खेपेस ठसा दात्याच्या मध्यावर आला. मिस्त्रींनी अण्णांकडे पाहिले, अण्णांनी मान हलविली.

त्यांनीच मग मला एक गोष्ट दाखविली. एकोणचाळीस आणि आठ ह्यांना समान भाजक नाही. म्हणून पिनियनचा एक दाता क्राऊनच्या एका दात्यास भेटला की पुन्हा त्यालाच भेटण्यापूर्वी त्याला उरलेल्या सर्व दात्यांची गाठ घ्यावी लागते. कोणा दोघांचीच रोज झटापट होत नाही, म्हणून झीज सर्वांवर सारखी वाटली जाते. “आठास चाळीस केलं असतं, तर सोपं पडलं असतं की हिशोबाला,” मिस्त्री हसत म्हणाले, “पण ती चक्रं लवकर गेली असती.”

पुढच्या जत्रेस आम्ही नव्या जोडीनिशी निघालो. पहिले काही शे किलोमीटर चक्रे एकमेकांस सरावेपर्यंत गाडी जपून हाकली होती आणि त्यांतील तेलही बदलले होते. घाट दुसऱ्या गियरमध्ये उतरलो. ब्रेकवर पाय गेला तो मोजक्या वळणांवर. व्हाळापाशी अण्णांनी काही सांगण्यापूर्वी मीच दांडी ओढली आणि चारी चाके एका मताने पलीकडे गेली.

तबकडी अजून थोडे खोटे बोलते. ४५ दाखविते तेव्हा आम्ही ५० ने जात असतो. मी ती दुरुस्त करून घेऊ म्हणालो, तर अण्णा म्हणाले, “राहू दे. तिच्याकडे बघतंय कोण?”

देवळात पोचलो तेव्हा सांजारतीची तयारी चालली होती. दुसऱ्या दिवशी कोर्टात माझे एक प्रकरण बोर्डावर होते. आजवर पक्षकारांसाठी मी शेकडो तारखा मागितल्या असतील. स्वतःसाठी मागितलेली ती पहिलीच. ती मिळाली. रात्री अग्रशाळेत चटईवर पडल्या पडल्या अण्णांनी जुन्या जत्रेची कथा सुरू केली. ती मी अनेकदा ऐकलेली होती, पण त्या रात्री तिचा शेवट मला ठाऊक नसल्यासारखे मी विचारले, “मग पुढे काय झालं?”