एस.एस.डी. घ्यावी तर केव्हा?

घरात एखादी वस्तू घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न येतो, "केवढ्याला?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "आत्ताच कशाला?" पहिल्याचे उत्तर दुकानदार देतो. दुसऱ्याचे उत्तर मात्र घरालाच शोधावे लागते. मिक्सर, पंखा, शिलाई मशीन यांच्या बाबतीत ते आपल्याला सवयीने जमते. परंतु कॉम्प्युटरच्या पोटातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या भागासाठी पैसे मोजायचे म्हटले की आपण बिचकतो. असाच एक भाग म्हणजे एस.एस.डी. तो केव्हा घ्यावा यावर २०२३ साली आमच्या घरात दोन महिने बोलणे चालले होते. त्यातून जे उमगले ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवते.

आम्ही घाटकोपर पश्चिमेला चाळीत राहतो. माझे पती छापखान्यात बाइंडर आहेत. मी घरी साड्यांना फॉल-बिडिंग करते. २०२० साली टाळेबंदीत शाळा-कॉलेज बंद झाले, मुलांचा अभ्यास मोबाईलवर आला आणि दोघांत एका मोबाईलवरून रोज भांडणे होऊ लागली. तेव्हा एका ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर आम्ही नऊ हजारांना घेतला. चार जी.बी. रॅम, पाचशे जी.बी.ची हार्ड डिस्क. त्याने दोन्ही मुलांचे शिक्षण सावरले हे खरे आहे आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

पुढे मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आली. दोन दुकानदारांची खरेदी-विक्रीची बिले ती घरी बसून कॉम्प्युटरवर चढवू लागली. तासाला साधारण चाळीस रुपये सुटत. शिवाय शिष्यवृत्तीचे दिवस आले की चाळीतली मुले महाडीबीटीचा अर्ज भरायला तिच्याकडेच येत. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, सगळे स्कॅन करून याच कॉम्प्युटरमध्ये ठेवलेले. आणि तो कॉम्प्युटर चालू व्हायला सात मिनिटे घेई. हिशेबाचा प्रोग्रॅम उघडायला तीन मिनिटे, एक फाईल मिटवून दुसरी काढायची तर पुन्हा थांबणे. पहाटे पाणी यायच्या वेळी ती उठे, आधी बटण दाबी, मग हंडे भरायला जाई. परत येऊन पाहावे तर पडद्यावर अजून गोल फिरतच असे.

गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक मुलगा आहे. तो म्हणाला, "मावशी, फॉरमॅट मारून काही होणार नाही. एस.एस.डी. टाका." ही काय भानगड आहे ते मी त्याच्याकडून समजून घेतले.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये ग्रामोफोनच्या तबकडीसारखी एक चकती फिरत असते. नेहमीच्या डिस्कमध्ये ती मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एक बारीक दांडी तिच्यावर पुढे-मागे सरकत माहिती शोधते. आपल्याला हा वेग अफाट वाटतो. पण कॉम्प्युटर सुरू होताना त्याला हजारो लहान लहान फाईली वेगवेगळ्या जागांहून गोळा कराव्या लागतात आणि दर वेळी दांडी सरकायची, चकती योग्य जागी यायची वाट पाहावी लागते. अशा शोधाशोधीत सेकंदाला शंभर-सव्वाशे फाईलींपलीकडे तिची मजल जात नाही. एस.एस.डी.मध्ये चकती नाही, दांडी नाही, फिरणारे काहीच नाही. पेन ड्राइव्हसारख्या चिपांत सगळे साठवलेले असते. त्यामुळे तेच काम ती सेकंदाला हजारोंच्या हिशेबाने करते. मी याची तुलना माझ्या शिलाई मशीनशी केली. पायमशीनला मोटर बसवली म्हणून शिवण काही जास्त सुबक येत नाही. पण पाय दुखायचे थांबतात आणि संध्याकाळपर्यंत दोन साड्या जास्त उतरतात.

आता घरातल्या मतांकडे येते. धाकटा म्हणाला, "आजच घेऊ." त्याला गेम डोळ्यांपुढे दिसत होता. हे म्हणाले, "या वस्तूंचे भाव उतरतच असतात. दिवाळीला घेऊ. शिवाय जूनमध्ये याचा दहावीचा निकाल लागणार, अकरावीच्या प्रवेशाला पैसे लागतील." त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. शिक्षणाची फी ही आमच्या घरात पहिली, बाकी सगळे नंतर. आणि भाव उतरतात हेही खरे. जगातली पहिली हार्ड डिस्क १९५६ साली आय.बी.एम. कंपनीने काढली. तिच्यात पन्नास चकत्या होत्या, कपाटाएवढे धूड होते आणि त्यात मावत होते अवघे पाच एम.बी., म्हणजे आजच्या मोबाईलमधले एक-दोन फोटो. आज एस.एस.डी.त ज्या चिपा असतात त्यांचा शोध जपानच्या तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात लावला. १९९१ साली सॅनडिस्क कंपनीने केलेली एस.एस.डी. वीस एम.बी.ची होती आणि तिची किंमत सुमारे एक हजार डॉलर होती. तिथून भाव कुठच्या कुठे आले.

परंतु भाव नेहमी खालीच जातो असे नाही. २०११ साली थायलंडमध्ये मोठा पूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर हार्ड डिस्क महागल्या. ते भाव पुन्हा खाली यायला पुढे बराच काळ लागला. २०१७ च्या सुमारास चिपांचा तुटवडा झाला तेव्हा एस.एस.डी. महागली. भाजीच्या भावासारखेच हे आहे. आज मेथी स्वस्त म्हणून पुढच्या आठवड्यात आणखी स्वस्त होईल, असे कोणी सांगू शकत नाही.

म्हणून मी भावाचा नाद सोडला आणि वेळेचा हिशेब मांडला. मुलीला एक आठवडा वहीत लिहायला लावले. कॉम्प्युटर रोज किती मिनिटे नुसती वाट पाहायला लावतो? सरासरी पंचवीस मिनिटे निघाली. गल्लीतल्या मुलाकडे तशाच जुन्या कॉम्प्युटरला एस.एस.डी. लावलेली होती. तिथे तेवढ्याच कामाला पाच मिनिटे लागली. म्हणजे रोज वीस मिनिटे वाचणार. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर ५२० मिनिटे, साडेआठ तासांहून जास्त. तासाला चाळीस रुपयांनी ते झाले साधारण ३४५ रुपये. डिस्क पंधराशेची, जुने सगळे तिच्यावर उतरवून द्यायची मजुरी तीनशे, एकूण रु. १,८००. पाच-सव्वापाच महिन्यांत पैसे वसूल.

हे म्हणाले, "पण ते साडेआठ तास तिला कोणी विकत घेणार आहे का?" प्रश्न रास्त होता. नाही घेणार. दुकानदार तेवढेच काम देतो. पण ती वीस मिनिटे येत होती कुठून? ती तिच्या झोपेतून येत होती. सकाळी कॉलेज, दुपारी घरकामाला हात, रात्री बिले, पहाटे पाणी. आपल्या घरांत मुलीच्या झोपेचा हिशेब कोणी वहीत लिहीत नाही, म्हणून तो शून्य धरला जातो. दिवाळीपर्यंत थांबून समजा दोनशे रुपये वाचले असते, तरी त्या पाच महिन्यांत तिचे सतराशे रुपयांचे तास गेले असते. हे आकडे वहीत पाहिल्यावर हे काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "मग फीचे पैसे न मोडता बघा कसे जमते ते."

ते जमले. एप्रिल-मेमध्ये लग्नसराई असते, फॉल-बिडिंगच्या साड्या जास्त येतात. त्यातून अठराशे बाजूला पडले. मुलीची परीक्षा संपेपर्यंत मात्र आम्ही थांबलो. परीक्षेच्या किंवा अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या तोंडावर चालू यंत्र उघडू नये, ही साधी गोष्ट आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, परीक्षा आणि निकालाच्या मधल्या मोकळ्या दिवसांत, आम्ही डिस्क घेतली.

घ्यायला मुलगी आणि तिचे वडील लॅमिंग्टन रोडला गेले. त्या रस्त्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. घाटकोपरहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड. चार दुकाने फिरून भाव काढला. पक्के बिल घेतले. बिलावर डिस्कचा नंबर आणि तीन वर्षांची हमी लिहून घेतली. हजार रुपयांत दोन टी.बी. असे सांगणाऱ्या वस्तूकडे पाहायचेही नाही असे आधीच ठरले होते. तसल्या डिस्कवर आकडा मोठा छापलेला असतो, आत जागा तेवढी नसते.

कामाला हात लावण्यापूर्वी गल्लीतल्या मुलाने सगळे दाखले आणि फोटो पेन ड्राइव्हवर काढून घेतले. मग दोन तासांत डिस्क बसली. आता कॉम्प्युटर अर्ध्या मिनिटात उभा राहतो. जुनी हार्ड डिस्क फेकली नाही. तिच्यावर फोटो आणि कागदपत्रांची दुसरी प्रत असते. एस.एस.डी. बिघडली तर बहुधा आवाज न करता एकदम बंद पडते, म्हणून दुसरी प्रत लागतेच.

त्या वर्षाच्या अखेरीपासून या चिपांचे भाव पुन्हा चढू लागले. पुढे २०२५ च्या अखेरीस मोठमोठ्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्याने मेमरीचे भाव जगभर भडकले. हे आम्हाला आधी ठाऊक होते असे नाही. भाव उतरले असते तरी आमचा निर्णय तोच राहिला असता, कारण तो भावावर बेतलेला नव्हता.

ज्या घरात आज हा प्रश्न आहे त्यांच्यासाठी थोडे सांगते. आधी खात्री करा की उशीर डिस्कमुळेच होतो. कॉम्प्युटर रखडला असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. जी खिडकी उघडते तिच्यात 'डिस्क'च्या खाली सतत शंभर टक्के दिसत असेल तर एस.एस.डी.ने फरक पडेल. 'मेमरी' भरलेली दिसत असेल तर आधी रॅम वाढवा. दुसरे, यंत्र किती जुने आहे ते पाहा. विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि बऱ्याच जुन्या यंत्रांवर विंडोज ११ रीतसर चालत नाही. अशा यंत्रावर मोफत मिळणारी लिनक्स टाकता येते. नाहीतर साधी साटा जोडणीची एस.एस.डी. घ्या, म्हणजे उद्या यंत्र बदलले तरी ती काढून दुसऱ्यात बसवता येते. तिसरे, हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला असेल तर भावाचा विचार करत बसू नका. त्याच दिवशी दाखले आणि फोटो बाहेर काढा. नवी डिस्क महिन्याने आली तरी चालेल, पण गेलेला दाखला पुन्हा मिळवायला किती खेटे घालावे लागतात हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

आणि घरात कॉम्प्युटर फक्त कधीमधी गाणी ऐकायलाच लागत असेल, तर खुशाल थांबा. तिथे कोणाचे काही अडलेले नाही.

शेवटी एकच सांगणे. भाव विचारण्याआधी आठवडाभर वहीत लिहा, या यंत्रापुढे घरातले कोण किती वेळ ताटकळते. ती वेळ बहुतेक घरांत मुलीची नाहीतर आईची निघेल. तिला विचारा, केव्हा घ्यायची ते. आमच्या मुलीला विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "आई, परीक्षा झाली की घेऊ." आम्ही तसेच केले. आता ती पहाटे वीस मिनिटे उशिरा उठते.