आई आणि घाई

शाळेच्या वार्षिक अंकाला छापखान्याच्या शाईचा वास असतो आणि कवितांच्या पानावर हटकून आई असते. तिच्यावरच्या ओळी 'असते–दिसते', 'देते–घेते' अशा संपतात. हे यमक फुकटचे. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. काळ, लिंग, वचन सारखे असले की प्रत्यय आपोआप जुळतात. कवीने काहीच केलेले नसते, व्याकरणाने केलेले असते. उरलेली जागा गगन, पवन, नयन, सुमन ही मंडळी अडवतात. घरात काजळ डोळ्यांत घालतात. नयनांत ते फक्त वार्षिक अंकात जाते.

यावरचा ठरलेला उपाय म्हणजे यमक सोडा, मुक्तछंदात लिहा. तो मला पटत नाही. खोट यमकात नाही, त्याच्या स्वस्ताईत आहे. क्रियापद ओळीच्या मध्ये सरकवून 'आई' शेवटी आणली, की तिला जोड शोधावी लागते आणि 'घाई' सापडते. लगेच एका हाताने डबा भरणारी, तोंडाने हाका मारणारी सकाळची आई समोर येते. 'असते–दिसते'मध्ये ती नुसती महान राहिली असती. भावना खरी असली की पुरे, शब्दांची चिकित्सा कशाला, असे कोणी म्हणेल. पण भावना खरी आहे म्हणूनच तिला 'सुमन' पुरत नाही.

यमकापायी अर्थाची ओढाताण होते, हा आक्षेप मात्र खोटा नाही. मोरोपंतांवर (१७२९–१७९४) तो पुष्कळदा घेतला गेला. तरी त्यांचे निरोष्ठ रामायण आठवावे (मुलांना हे कोणी सांगत का नाही?). त्यात ओठ मिटवणारी अक्षरे वर्ज्य. 'म' गेला की 'राम' म्हणायचीही सोय उरत नाही! अशी अडचण आली की माणूस शब्दांची सगळी फडताळे उघडून बघतो. मर्ढेकर तर नवकवी. त्यांनीही अभंगाचा जुना घाट टाकला नाही, त्यात यंत्रयुगाचे शब्द बसवले.

आणि जात्यावरच्या ओव्या? हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून लाखाहून अधिक जमवल्या. गाणाऱ्या बहुतेकींच्या हाती कधी पाटी आली नव्हती. खुंट्याला हात, वैरणीला हात, आणि फिरत्या दगडावर पुढची ओळ जुळवायची. उजाडायच्या आत पीठ हवे असे. घाई तिथेही होतीच.