जोड कोणी लावायची?

लासलगावात मी कांद्याच्या व्यापाऱ्याकडे दिवाणजी आहे. चैत्र-वैशाखात यात्रा सुरू झाल्या की शेजारच्या गावांत कुस्त्यांच्या जोडी लावायलाही बसतो. पैलवान लंगोट कसून रिंगण धरतात, हलगी कडाडत असते आणि आम्ही पंच दोघांचे हात धरून त्यांना शेजारी उभं करतो. अंगपिंड बघायचं, तालीम विचारायची, मागच्या यात्रेत कोणी कोणाला पाडलं ते आठवायचं. एकोणीस-वीसचा फरक लोक चालवून घेतात. त्याहून जास्त दिसला की कडेचा वस्ताद थेट आखाड्यात उतरतो, "जोड फोडा, माझं पोरगं हलकं आहे." बऱ्याचदा फोडावी लागते. शेवटची कुस्ती मात्र आधीच ठरवून पत्रिकेत छापलेली असते. तिथं पंचांपेक्षा वर्गणी देणाऱ्यांचं जास्त चालतं, हे उघड आहे.

माझा भाचा बॉक्सिंग शिकतो. अमेरिकेतल्या लढती आपल्याकडे रविवारी सकाळी दिसतात, त्या आम्ही मोबाइलवर बघतो. तो एकदा म्हणाला, "मामा, तिकडं तुमच्यासारखं अंदाजानं नसतं. तिकडं नंबर असतात." म्हणून मी ते नंबर कोण लावतं ते शोधायला लागलो.

लावणारे चौघं निघाले: डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ. प्रत्येकाचा पट्टा वेगळा, विजेता वेगळा, क्रमवारी वेगळी. क्रमवारीत वर असलेल्याला संघटना 'मँडेटरी' ठरवते, म्हणजे विजेत्यानं ठरल्या मुदतीत त्याच्याशी लढायचंच, नाहीतर पट्टा सोडायचा. नियम मला पटला. तो नसता तर विजेता वर्षानुवर्षं सोपी जोड शोधत बसला असता. १९९२ मध्ये रिडिक बोला लेनॉक्स लुईसशी लढायचं नव्हतं, तर त्यानं डब्ल्यूबीसीचा पट्टा लंडनमध्ये कॅमेऱ्यांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला. पळ काढला, पण निदान सगळ्यांना दिसला तरी.

दुसरी बाजूही आहे. टायसन फ्युरीनं नोव्हेंबर २०१५ मध्ये विजेत्या क्लिच्कोला हरवलं. करारात परतीची लढत होती, आयबीएफला मात्र आपला मँडेटरी आधी हवा होता. पंधरवडाही गेला नाही तोच पट्टा काढून घेतला. २०२४ च्या मे महिन्यात उसिकनं चारही पट्टे एकत्र केले आणि जूनमध्ये त्यातला आयबीएफचा सोडला, कारण तेच. एवढ्या खटपटीनं एक झालेली गादी महिनाभर टिकली.

संघटना लढतीच्या मानधनातून टक्का घेतात, साधारण तीन. दोन्ही बाजूंचं व्यवहारावर जमलं नाही तर आयोजकांकडून बंद पाकिटात बोली मागवतात. आमच्याकडे ट्रॉलीतला कांदा सगळ्यांसमोर, बोली ओरडून. पाकिटातला लिलाव बाजार समितीत कोणी चालू दिला नसता. तिकडे मात्र क्रमवारीच विकली गेली. आयबीएफचा तेव्हाचा अध्यक्ष रॉबर्ट ली याच्यावर नंबरासाठी पैसे घेतल्याचा खटला चालला आणि पैशांच्या लपवाछपवीसाठी व करचुकवेगिरीसाठी तो तुरुंगात गेला. डब्ल्यूबीओनं तर कहर केला. डॅरिन मॉरिस नावाचा बॉक्सर २००० मध्ये वारला आणि त्यानंतरही त्यांच्या यादीत त्याचा नंबर वर सरकत राहिला. हे मी आमच्या वस्तादांना सांगितलं. ते म्हणाले, "आपल्याकडं मेलेला निदान रिंगणात तरी येत नाही."

महाराष्ट्र केसरीत ही भानगड नव्हती. गादी विभागाचा विजेता आणि माती विभागाचा विजेता शेवटी समोरासमोर येणार. गेल्या वर्षीच्या केसरीनंही उतरायचं तर पहिल्यापासून लढत यायचं. जानेवारी २०२० मध्ये नाशिककडून खेळणाऱ्या हर्षवर्धन सदगीरनं शैलेश शेळकेला असंच हरवलं, तेव्हा आमच्याकडे आनंदाला उधाण आलं होतं. मग २०२२ मध्ये ही स्पर्धा भरवणारी कुस्तीगीर परिषद बरखास्त झाली, राज्य कुस्तीगीर संघ पुढे आला, पण परिषदही हटली नाही, आणि दोन्हीकडून स्पर्धा व्हायला लागल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला सिकंदर शेखनं शिवराज राक्षेला हरवून गदा घेतली. त्याच महिन्यात धाराशिवला शिवराजनं सदगीरला हरवून दुसरी घेतली. २०२५ मध्ये अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ केसरी, कर्जतला वेताळ शेळके केसरी. एकाच जिल्ह्यात, दोन महिन्यांच्या आत! बॉक्सिंगमध्ये चार पट्टे एकत्र आणणारी लढत निदान कधीतरी होते, कारण तिच्यात पैसा आहे. आपल्याकडे दोन गदा एकत्र आणायची रीतच नाही.

भाच्यानं विचारलं, "मामा, मग खरा केसरी कोण?" मी म्हणालो, २०२३ चं सोपं आहे, सिकंदर आणि शिवराज यांची कुस्ती फुलगावलाच झाली. २०२५ चं कसं सांगू?

"दोघांची जोड आपल्या यात्रेत लावा की," वस्ताद म्हणाले.

मी त्यांना गेल्या वर्षीच्या वर्गणीची वही दाखवली.