परसांतला दिवा

शिनोलीसारख्या गांवीं परसांतल्या दिव्याचा प्रश्न केवळ सोयीचा नसतो. कालव्यांच्या पाण्यानें जुन्नर-आंबेगांव भागांत ऊंस वाढला, आणि उसाच्या आडोशानें बिबट्या गोठ्यापर्यंत येऊं लागला. म्हणून आम्ही गोठ्यावर हालचाल टिपणारा सेन्सर व त्यास जोडलेला स्मार्ट दिवा बसविला.

पहिल्या आठवड्यांत दिवा लागला कीं घरांतील सारीं खिडकीशीं धांवत. दिसे तें मांजर, केळीचें हलणारें पान, नाहीं तर कांहींच नाहीं. पंधरवड्यांत कोणी मानही वर करीनासें झालें. एके रात्रीं दिवा लागला, गाय हंबरली, आणि आम्ही अंथरुणांतूनच म्हणालों, "मांजर असेल." सकाळीं चिखलांत पंजांचे मोठे ठसे होते. गाय-वासरूं सुखरूप राहिलीं, पण तें आमच्या दक्षतेमुळें नव्हे. लांडगा आल्याची खोटी हाक देणाऱ्या पोराची गोष्ट आजीनें आम्हांस लहानपणीं सांगितली होती. त्या पोराचें काम आम्ही दिव्याकडे सोंपविलें होतें!

मग दोष शोधूं लागलों. हा सेन्सर प्राणी ओळखीत नाहीं. दृष्टीच्या पट्ट्यांतून सरकणारा उष्णतेचा फरक तेवढा ओळखतो. दिवसभर तापलेल्या भिंतीसमोर पान हललें, बंबाचा ऊन झोत आला, भिंगावरून पाल फिरली, तरी त्यास सारखेंच. म्हणून त्याचें तोंड बंबाकडून फिरविलें आणि केळीकडील भिंगाचा भाग चिकटपट्टीनें झांकला. समोरून येणाऱ्यापेक्षां आडवें जाणारें त्यास चांगलें दिसतें. तेव्हां गोठ्याची वाट आडवी पडेल असें त्यास बसविलें. एका स्पंदनावर न लागतां कांहीं सेकंदांत दुसरें आलें तरच दिवा लागावा, असें ठरविलें. वीज जाऊन परतली कीं दिवा उगाच लागे. तो तेव्हां बंदच राहावा आणि सेन्सर स्थिरावेपर्यंतचे, पहिल्या मिनिटाचे इशारे सोडून द्यावेत, अशीही योजना केली.

मात्र सेन्सरची संवेदनक्षमता फार उतरविली नाहीं. चैत्र-वैशाखांत हवा अंगाच्या उष्णतेजवळ तापली म्हणजे तो मुळांतच मंद होतो. खोटा इशारा टाळतांना खराही हरवावयाचा.

आतांही क्वचित् मांजरासाठीं दिवा लागतो. तेवढें आम्ही चालवून घेतों. पण लागला कीं काकू उठून खिडकीच्या गजांतून पाहतात, आणि पाहिल्याखेरीज परसाचें दार कोणी उघडीत नाहीं.