सात नंबर कुठे आहे?

२०२५ च्या सप्टेंबरात मी मुलीकडे अमेरिकेला गेलो, तेव्हा पत्नी सोबत येऊ शकली नाही. तिच्या दोन्ही गुडघ्यांनी केव्हाच असहकार पुकारला आहे आणि इतक्या लांबचा विमानप्रवास तिला झेपण्यासारखा नव्हता. निघताना तिने एकच मागणी केली. "बायचा खेळ मला इथे बसून दिसेल, एवढं करा," ती म्हणाली.

बाय म्हणजे आमची नात. शिकागोपासून मोटारीने तीनेक तासांच्या अंतरावरील एका छोट्या कॅथलिक महाविद्यालयात ती शेवटच्या वर्षाला होती आणि तेथील मुलींच्या व्हॉलीबॉल संघात 'सेटर' म्हणून खेळत होती. वसईच्या चर्चच्या मैदानावर आमच्या वेळी या खेळाडूला 'लिफ्टर' म्हणत. मीही लिफ्टरच होतो. पण हा वारसा तिने माझ्याकडून घेतला असे म्हणणे म्हणजे आजोबांचा निव्वळ अहंकार होईल. चार वर्षांतला तिचा हा अखेरचा हंगाम होता.

पत्नीची मागणी मला साधी वाटली होती. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळ घरबसल्या पाहणे हा केवढा खटाटोप आहे, हे जावयाच्या दिवाणखान्यात पहिल्याच शनिवारी कळले. आमचे जावई नोत्र दाम विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे निस्सीम भक्त. १८४२ साली होली क्रॉस संस्थेच्या फादर सोरिन यांनी इंडियानातील साउथ बेंड येथे स्थापन केलेले हे विद्यापीठ. तेथील ग्रंथालयाच्या भिंतीवर हात उंचावलेल्या प्रभू येशूचे भव्य चित्र आहे. ते क्रीडांगणातून दिसते आणि खेळवेडे लोक त्याला 'टचडाउन जीझस' म्हणतात. मला हे प्रथम खटकले. आता खटकत नाही.

तर जावई कागद-पेन्सिल घेऊन बसले. नोत्र दामचे घरच्या मैदानावरील सामने एनबीसी वाहिनीवर आणि तिच्याच 'पीकॉक' या इंटरनेट सेवेवर. परक्या मैदानावर गेले, की यजमानांचा करार ज्या वाहिनीशी असेल तिथे. म्हणजे कधी ईएसपीएन वा एबीसी, कधी एसीसी नेटवर्क, कधी फॉक्स, कधी सीबीएस. पीकॉकला महिन्याला सुमारे ११ डॉलर, ऑगस्ट २०२५ मध्ये निघालेल्या ईएसपीएनच्या स्वतंत्र सेवेला ३० डॉलर, त्याच महिन्यात निघालेल्या 'फॉक्स वन'ला २०. सगळ्या वाहिन्या एकाच गाठोड्यात हव्या असतील तर यूट्यूब टीव्हीसारखी सेवा घ्यावी; तिचा दर त्या वर्षी ८३ डॉलर होता, आपल्या हिशेबाने महिन्याला सात हजार रुपयांहून अधिक! आणि गाठोडे घेतले म्हणून निश्चिंत व्हावे, तर तसेही नाही. ३० ऑक्टोबरच्या रात्री यूट्यूब टीव्ही आणि डिस्ने यांच्यातील करार संपला, आणि ऐन हंगामात १४ नोव्हेंबरपर्यंत त्या ग्राहकांच्या पडद्यावरून ईएसपीएन आणि एबीसी दोन्ही नाहीशी झाली.

जावई मात्र हे सारे भक्तिभावाने सोसतात. मी विचारले, "हे असं पूर्वीपासूनच आहे का हो?" तेव्हा त्यांनी जे सांगितले ते मला त्या खेळापेक्षाही रंजक वाटले. एके काळी दूरदर्शनवर सामने दाखवण्याचा सगळा कारभार एनसीएए या मध्यवर्ती संघटनेच्या हाती होता. सामना घरी दिसला तर मैदानात कोण येईल, या धास्तीने एका संघाचे किती सामने दाखवायचे यावर तिने मर्यादा घातली होती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांच्या मंडळांनी तिला न्यायालयात खेचले आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला, की ही मक्तेदारी बेकायदेशीर आहे. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः तरुणपणी कॉलोराडो विद्यापीठाचे नामांकित फुटबॉलपटू होते! बाजार मोकळा झाला, तर शिक्षणसंस्थेतील खेळ हा शिक्षणाचा भाग न राहता धंदा होईल, ही त्यांची चिंता होती. पुढे १९९१ पासून नोत्र दामने एनबीसीशी स्वतंत्र करार केला. ११ सप्टेंबर २०२१ रोजी टोलेडोविरुद्धचा त्यांचा घरचा सामना तर दूरदर्शनवर दिसलाच नाही. तो केवळ पीकॉकवर होता. २०२५ मध्ये विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभाही न्यायालयाच्या संमतीने मिळाली. खेळाडूंच्या घामावर वाहिन्या श्रीमंत होत असताना त्यांना मोबदला मिळू नये, असे मी मुळीच म्हणणार नाही. पण व्हाइटसाहेबांची चिंता अनाठायी नव्हती, एवढे मात्र त्या दिवाणखान्यात बसून मला पटले.

यांतील पीकॉक आपल्याकडे मिळतच नाही. प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक विकले जातात. मग वसईत बसलेल्या पत्नीला बायचा खेळ कसा दिसावा? मी हिरमुसलो. तेव्हा मुलगी हसून म्हणाली, "पपा, तिचा सामना बघायला पैसे लागत नाहीत. मम्मीला नुसता दुवा पाठवा."

बायचे महाविद्यालय तिसऱ्या श्रेणीत मोडते. या श्रेणीत चारशेहून अधिक संस्था आहेत, आणि तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही असा नियम आहे. खेळायचे ते हौसेने, अभ्यास सांभाळून. त्यांचे सामने कोणती वाहिनी विकत घेणार? म्हणून यांतील बहुतेक संस्था ते स्वतःच आपल्या संकेतस्थळावरून दाखवतात. (काही ठिकाणी आता त्यालाही वर्गणी लागू लागली आहे, असे ऐकले.) व्यायामशाळेच्या एका कोपऱ्यात तिवईवर एक कॅमेरा आणि शेजारी कानाला यंत्र लावून धावते वर्णन करणारा एक विद्यार्थी, एवढाच सरंजाम. पडद्यावर किती जण पाहत आहेत तो आकडाही दिसे. एकदा तो एकेचाळीस होता. त्यांतील एक आमची ही.

शुक्रवारी संध्याकाळी सातचा सामना म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाच. पत्नी साडेचारलाच उठे, चहा घेई, आणि फोन देवघराच्या फळीला टेकवून समोर बसे. मी व्यायामशाळेत बसून तिला फोन लावीत असे. पहिल्याच सामन्यात बायने सुरेख चेंडू उचलला, गुण मिळाला, मी ओरडलो, आणि पलीकडून आवाज आला, "अहो, काय झालं? इथे तर अजून सर्व्हिसच चाललीय!" कॅमेऱ्यातले चित्र इंटरनेटवरून तिच्यापर्यंत पोहोचायला अर्धा मिनिट लागत होता, माझा आवाज मात्र लगेच जाई. "तुम्ही आधी सांगत जाऊ नका, मजा जाते," तिने बजावले. तेव्हापासून मी प्रत्येक गुणाला तोंड मिटून बसू लागलो. चाळीस वर्षांच्या संसारात हे तिला कधी साधले नव्हते.

९ ऑक्टोबरला शिकागोत सिस्टर जीन वारल्या. लोयोला विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाच्या त्या आध्यात्मिक मार्गदर्शक. वय वर्षे १०६. २०१८ साली त्यांचा संघ अनपेक्षितपणे राष्ट्रीय स्पर्धेच्या अखेरच्या चारांत पोहोचला, तेव्हा चाकाच्या खुर्चीत बसून संघाबरोबर फिरणाऱ्या या अठ्ठ्याण्णव वर्षांच्या सिस्टर घराघरांत पोहोचल्या होत्या. त्या नुसती प्रार्थना करून थांबत नसत. सामन्यानंतर खेळाडूंना ई-मेल पाठवून कोणाचे काय चुकले तेही कळवीत. हे मी पत्नीला सांगितले आणि पस्तावलो. कारण त्या आठवड्यापासून नातीला आजीचे ध्वनिसंदेश जाऊ लागले: बाय, तू डाव्या बाजूला चेंडू फार देतेस, बाय, ती उंच मुलगी मोकळी होती, तिला का दिला नाहीस? गंमत म्हणजे त्यांतील निम्मे बरोबर असे.

ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यातला तो शुक्रवार. चौथा डाव, २२-२१. नेटजवळ चेंडू उचलायला बाय उडाली आणि खाली येताना तिचा पाय पलीकडच्या मुलीच्या पायावर पडला. ती उठली नाही. मी फोन खिशात कोंबून जिन्याकडे धावलो. मुलगी माझ्या आधी पोहोचली होती. बायचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती रडत नव्हती, फक्त गुडघा दोन्ही हातांत धरून होती.

नेमक्या त्याच वेळी तिथले इंटरनेट गेले होते, हे मला नंतर कळले. वसईत पत्नीच्या पडद्यावर बाय हवेत होती, आणि चित्र तसेच गोठले. मध्यभागी एक चक्र फिरत राहिले. तिला वाटले, आपल्याकडचीच जोडणी गेली. तिने फोन बंद करून पुन्हा सुरू केला, शेजारच्या मुलाला हाक मारली. तो म्हणाला, "आजी, इथलं नेट चालू आहे. बिघाड तिकडचा आहे." वीस मिनिटे ती चक्राकडे पाहत होती. चित्र आले तेव्हा पाचवा डाव सुरू झाला होता. कॅमेरा इतका दूर, की मुलींचे चेहरे ओळखू येत नाहीत. ती नातीला पाठीवरच्या आकड्यावरून ओळखे.

माझा फोन वाजला. "अहो, सात नंबर कुठे आहे?"

मी काहीतरी सांगू लागलो. विश्रांती देतात कधीकधी, वगैरे. ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "खरं सांगा. या वेळी आधी सांगितलंत तरी चालेल."

गुडघ्यातला स्नायुबंध तुटला होता. हंगाम संपला.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात संघटनेच्या स्पर्धेचा पहिला सामना घरच्याच व्यायामशाळेत होता. मी पत्नीला म्हटले, "बाय खेळणार नाही. तुला बघायचाय?" ती म्हणाली, "बाकावर तर बसेल ना?" मला तिला सांगवेना, की त्या एका कॅमेऱ्यात बाक दिसत नाही. शिवाय २ नोव्हेंबरला, नेमक्या मृत भाविकांच्या स्मरणदिनी, तिकडची घड्याळे तासभर मागे गेली होती. हे सांगायलाही मी विसरलो. ती नेहमीप्रमाणे साडेपाचला बसली आणि रिकामी व्यायामशाळा पाहत राहिली. कोणीतरी फरशी पुसत होते, म्हणाली. छान पुसत होता.

पहिला डाव संपल्यावर मी धीर करून त्या वर्णन करणाऱ्या मुलापाशी गेलो आणि माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत त्याला सगळे सांगितले. त्याने कानावरचे यंत्र बाजूला केले, एकदा माझ्याकडे आणि एकदा बाकाकडे पाहिले, आणि तिवईवरचा कॅमेरा हळूच वळवला. बाय कुबड्या मांडीवर आडव्या ठेवून बसली होती. शेजारच्या मुलीने कोपर मारल्यावर तिने वर पाहिले आणि हात हलवला.

मी फोन कानाला लावून अर्धा मिनिट वाट पाहिली.

"केस नीट बांधले नाहीत तिने," पत्नी म्हणाली.